खुर्चीतली पेशंट

“हार्ट अटॅक, मॅडम!” पहिल्या बाकावरच्या तिघी एका सुरात ओरडल्या.

मी अजून निम्मंच सांगितलं होतं. साठीची बाई, जबडा दुखतोय, मळमळतंय, बस्स. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या नर्सिंग कॉलेजात माझा तास असाच असतो. आधी धडा नाही, आधी पेशंट. मुलींनी प्रश्न विचारायचे, चुकायचं, आपसात भांडायचं, मग पुस्तकं धुंडाळायची. आज ते बघायला तपासणी समिती आली होती. ही पद्धत ठेवायची की पुन्हा नोट्स उतरवून द्यायच्या, हे तीच ठरवणार होती.

“कुणी सांगितलं उत्तर?”

तिघींनी दाराकडे बघितलं. दाराशी उभे असलेले प्राचार्य हळूच म्हणाले, “अहो, मीच सांगितलं काल. पाहुण्यांसमोर मुली चाचपडल्या तर उगाच शोभा व्हायची.”

“सर, चाचपडणं हाच तर धडा होता! त्यावरच बोळा फिरवलात तुम्ही.” माझा आवाज चढला. समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. बघा म्हणावं, खुशाल बघा.

मी खुर्ची ओढली आणि मुलींसमोर मधोमध बसले.

“उत्तर बरोबर आहे हं, शाब्बास! ही बाई म्हणजे माझी आई. दातदुखी समजून दवाखान्यात तिला गोळी दिली आणि बाकड्यावर बसवून ठेवलं. तिथल्या सिस्टरांनाही उत्तर आधीच माहीत होतं, तुमच्यासारखंच. मी दुसऱ्या गावाहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता ती बाई मी. पाठ केलेलं एक अक्षर बोललात तर याद राखा.”

“मॅडम, आवरा आता,” म्हणत प्राचार्य पुढे आले. मी उठले नाही. मेलं ते इन्स्पेक्शन!

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि नाडी बघायला माझं मनगट हातात घेतलं.

“आई, कधीपासून दुखतंय?”

मी तोंड उघडलं, पण काय सांगणार? माझ्या आईला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“सावकाश सांगा, आई,” ती म्हणाली. मनगट न सोडता ती तशीच वाट बघत बसली.