अपघात म्हणायचं, बरं का

"काय झालं विचारलं, तर अपघात म्हणायचं, बरं का," मुकादम सकाळपासून एकेकीला पढवत होता. "अपघात म्हणजे कुणाचाच दोष नाही. तपासणीवाले साहेब येतील, चहा पितील, जातील." मावशींपाशी येताच त्याचा आवाज मऊ झाला. "तुमच्या लेकीचं वाईट वाटतं हो. पण नशिबापुढे कुणाचं चालतं?"

मावशींनी नुसती मान हलवली.

त्या धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करायचं मोठं यंत्र होतं. दोन बटणं एकदम दाबली तरच त्याचे तापलेले पत्रे मिटायचे, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहायचे. काम झरझर उरकावं म्हणून मुकादमाने डावं बटण कायम दाबलेलंच राहील असं चिंधीने करकचून बांधून टाकलं होतं. बायका कुरकुरल्या, की "घरी बसा मग!" गेल्या महिन्यात लेकीचा पंजा त्या पत्र्यांत भाजून निघाला.

अचानक ओढवतं त्याला अपघात म्हणतात, एवढं मावशींनाही कळत होतं. चिंधी काही वाऱ्याने उडत येऊन बसली नव्हती.

आज मुकादमाने ती सोडून कचऱ्यात टाकली आणि तो साहेबांना आणायला फाटकाकडे पळाला. मावशींनी ती उचलली आणि होती तिथेच बांधली. रोज देवापुढे बसल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई, आज देवाला म्हणाली, घटकाभर तिकडे बघ.

"पोरगीच वेंधळी, साहेब," मुकादम आत येता येता सांगत होता. "दोन्ही बटणं दाबल्याशिवाय हे मिटतच नाही. हे बघा!" ऐटीत त्याने आपला हात पत्र्यांमध्ये ठेवला. "मावशी, उजवं बटण दाबा."

मावशींनी बोट टेकवलं. दाबलं नाही. त्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं, मग सावकाश डाव्या बटणाकडे. त्याची नजरही तिकडे गेली.

"थांबा! दाबू नका!" हात ओढताना तो मागच्या ओल्या चादरींच्या टोपलीत धपकन पडला.

"का हो?" साहेबांनी विचारलं. "मिटत नाही ना?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पत्र्यांत टॉवेलची घडी ठेवली, मावशींना खूण केली. यंत्र धाडकन मिटलं.

"ही चिंधी रोज कोण बांधतं?"

"मुकादम," एक म्हणाली. मग दुसरी. मग सगळ्याच.

घरी लेकीला भरवताना मावशींनी सगळं सांगितलं. लेक घास तोंडात तसाच धरून ऐकत होती.

"दाबायचंस ना, आई."

"हात शिवशिवत होते गं," मावशी हळूच म्हणाल्या. "पण मी दाबणारच, असं त्याला वाटलं. तेवढा वेळ त्याचा हात माझा होता."

लेकीने घास गिळला. "परत सांग. टोपलीत पडला तिथपासून."