बुधवारच्या सात रोट्या

किटलीचं झाकण खडखडत होतं आणि बूरुल तिच्याकडे नुसती बघत बसली होती.

"उतरव गं ती," भिंतीला टेकून बसलेली उमसुन-आपा म्हणाली. "पाणी आटून जाईल तरी तू नुसती बघतच बसशील. आज काय झालंय माझ्या पगारी लेकीला?"

"काही नाही, आपा. रात्री झोप झाली नाही."

बूरुलने किटली उतरवली, तीन पियाल्यांत चहा ओतला. तिची पाच वर्षांची बेगिमाय लोकरीच्या जाड नमद्यावर पालथी पडून चित्र काढत होती. बालवाडीतली शेगडी बंद पडल्यामुळे या आठवड्यात तिला आईबरोबरच फिरावं लागत होतं.

'पगारी लेक' हे नाव आपाने पहिल्याच दिवशी ठेवलं होतं. मुलं रशियात कामाला गेलेल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जायचं, रक्तदाब मोजायचा, पाणी भरायचं, चुलीतली राख काढायची, तिकडे मुलाला फोन लावून द्यायचा आणि शेवटी तक्त्यावर सही घ्यायची, असं हे संस्थेचं काम. तीन वर्षांपूर्वी बूरुल पहिल्यांदा या दारात उभी राहिली तेव्हा आपाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं होतं. "याचे पैसे मिळतात तुला?"

बूरुल लाजेने लाल झाली होती. "मिळतात, आपा."

"मग बरं झालं. फुकट आली असतीस तर तुझे उपकार वाहून माझी पाठ मोडली असती. पगारी लेकीला हक्काने कामाला लावता येतं. जा, आधी बादल्या भरून आण."

तेव्हापासून एकही बुधवार चुकला नव्हता. बेगिमायच्या गोवरातसुद्धा नाही.

आजचा मात्र चुकला असता तर बरं झालं असतं.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकताच संस्थेच्या प्रमुख जार्किन-एजेने, म्हणजे जार्किनताईने, तिला आत घेऊन दार लोटून घेतलं होतं. आत आपाचा थोरला दीर तोक्तोसुन, ज्याला ती मानाने बाइके म्हणायची, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आपाचा एकुलता एक मुलगा, जेनिश, शनिवारी येकातेरिनबुर्गमध्ये बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता. त्याला घरी आणायचे कागद संस्थेनेच धावपळ करून मिळवले होते. विमान उद्या रात्री उतरणार होतं.

"उद्या सकाळी आम्ही सगळे जाऊ," तोक्तोसुन म्हणाला. "तोवर तिच्या कानावर काही जाऊ देऊ नका."

बूरुलला त्याचं कारण कोणी सांगायला नको होतं. मरणाची बातमी एकट्याने एकट्याला द्यायची नसते. सकाळच्या उजेडात, थोरांनी मिळून जायचं. बायकांनी आधीच दोन्ही बाजूंना जाऊन बसायचं, म्हणजे कोसळणाऱ्या माणसाला धरायला हात असतात. हे हात नसले तर काय होतं ते तिने घरातच पाहिलं होतं. तिचे वडील गेल्याचं तिच्या आईला भर बाजारात, कांदे निवडताना, कोणा अर्धवट ओळखीच्या बाईने सांगितलं होतं. आई हातातली पिशवी तशीच धरून दोन कोस चालत घरी आली होती. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात कांदे आणायचे ते मुलांनीच.

"मी आज जात नाही, एजे," बूरुल म्हणाली.

"आज बुधवार आहे," जार्किन-एजे म्हणाली. "तू गेली नाहीस तर म्हातारी दुपारपर्यंत ओळखेल. जा, रोजच्यासारखं कर, सही घे आणि ये. आपण नातेवाईक नाही, बूरुल. आपण कर्मचारी आहोत. आज त्याचाच उपयोग आहे."

तोक्तोसुननेही मान हलवली. "खरं आहे, पोरी. आमच्यातली कोणी गेली तर उंबऱ्यातच हंबरडा फोडेल. तू परकी आहेस, तुला जमेल."

परकी हा शब्द तिला वाटेत चालताना बुटात खडा जावा तसा टोचत राहिला.

आता तिने आपाच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र घरघरलं. एकशे साठ.

"काय म्हणतंय?"

"थोडा वाढलाय."

"त्या यंत्राला सांग, मी अजून आहे म्हणावं. एवढं घाबरायचं कारण नाही." आपा हसली, बाही खाली ओढली. "चल, आता लाव माझ्या पोराला."

बूरुलने फोन हातात घेतला. रस्ताभर तिने हे वाक्य घोकलं होतं. "आपा, आज रेंज नाही. सकाळपासून असंच चाललंय."

"मग बोलून पाठव. तो आवाजाचा निरोप असतो ना तुमचा, तो. रेंज आली की आपला आपण जाईल."

नाही कसं म्हणायचं? बूरुलने बटण दाबून फोन तिच्या तोंडाजवळ धरला. आपाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जणू तो समोर येऊन बसला होता.

"जेनिश, मी बोलतेय. रेंज नाही म्हणून असं बोलतेय. बरी आहे मी. कपिलेला गोऱ्हा झालाय, कपाळावर पांढरा ठिपका आहे, तुझ्यासारखाच हट्टी आहे, दूध प्यायला तोंड लावत नव्हता. तुझे मोजे विणून झालेत. तोक्तोसुन-बाइकेच्या धाकट्याबरोबर पाठवते. उंचावर काम करतोस, छातीला वारा लागू देऊ नकोस. आणि फोन कर रे. गेल्या रविवारीही केला नाहीस. मी रागावले नाहीये. झालं गं, बंद कर."

बूरुलने बोट उचललं. निरोप गेला. त्याच्याखाली करडी खूण उमटली, एकच.

बेगिमाय उठून फोनमध्ये डोकावली. "आई, दोन खुणा यायला हव्यात. एकच आलीय."

"कामावर असला की बंद ठेवतो तो," उत्तर आपानेच दिलं. "त्यांचा मुकादम ओरडतो."

बूरुल उठली. बसून राहिली असती तर तिच्या तोंडून काय निघालं असतं कोणास ठाऊक. "आपा, काहीतरी तळते चहाबरोबर. संस्थेकडून आलेलं तेल तसंच पडलंय."

"तळ की. पीठ आता माझ्या हाताचं ऐकत नाही."

तिने पीठ घेतलं, मीठ घातलं, कोमट दूध घातलं आणि मळायला लागली. मळताना बरं वाटत होतं. भिंतीवर जेनिशचा फोटो होता, सैन्यातल्या गणवेशातला, कान बाहेर आलेले. मागच्या उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने अंगणातलं फाटक दुरुस्त केलं होतं आणि बूरुलला म्हणाला होता, "बूरुल-एजे, तुमचा पगार खरं तर मी द्यायला हवा." ती म्हणाली होती, "तुझा पगार आणून आईला फ्रीज घे आधी." कढईतलं तेल तापलं. चुलीत गोवऱ्यांचा जाळ चांगला धरला होता. तिने गोळे केले, लाटले, एकेक करून सोडले. रोट्या फुगल्या, उलटल्या, काढल्या. तेलाचा वास घरभर पसरला. ताट तिने पियाल्यांच्या मधोमध ठेवलं आणि हात पुसले.

बेगिमायला नुकतेच आकडे येऊ लागले होते, त्यामुळे दिसेल ते ती मोजायची. बटणं, पायऱ्या, गाई. तिने रोट्यांवर बोट ठेवत सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात! आई, आपल्या घरी शुक्रवारी करतेस तेवढ्याच."

बूरुलने ताटाकडे पाहिलं.

सात. गोल, तळहाताएवढ्या, तेलात तळलेल्या. दर शुक्रवारी ती आपल्या वडिलांच्या नावाने करायची त्याच. गेलेल्या माणसापर्यंत तेलाचा वास पोचतो म्हणून करतात त्या. पीठ बरंच उरलं होतं, आणखी दहा झाल्या असत्या. पण हात सातवर थांबले होते. तिला न विचारता.

आपाही ताटाकडेच बघत होती.

"आज वार कोणता?" तिने विचारलं.

"बुधवार," बेगिमाय म्हणाली.

"बुधवार. माझ्या म्हाताऱ्यासाठी मी शुक्रवारी करते, माझ्या हाताने, मोडक्यातोडक्या का होईना." तिचा आवाज चढला नाही. "या कोणासाठी केल्यास, बूरुल?"

चहाबरोबर खायला, असं म्हणता आलं असतं. सहज म्हणता आलं असतं. बूरुलने ताट उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

चुलीत एक गोवरी कोसळली. आपाने फोनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा ताटाकडे. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त हात मांडीवर काहीतरी शोधू लागले, रुमालाचं टोक सापडलं, ते तिने मुठीत धरलं.

"आपा..."

"बोलू नकोस." तिने हात वर केला. "एक शब्द बोलू नकोस. तू मला काही सांगितलेलं नाहीस. कळलं? तोक्तोसुन-बाइके येणार आहेत?"

"उद्या सकाळी. सगळेच येतायत."

"उद्या सकाळी," आपा म्हणाली. "मग मी उद्या सकाळीच ऐकेन."

बूरुल गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेली. "मी थांबते आज. इथेच राहते."

"आणि शेजारच्या बाईला काय सांगशील? तुझे बूट दाराबाहेर दिसले तर अर्ध्या तासात गावभर होईल, की पगारी बाईने सांगून टाकलं. तुझं काम जाईल. बाइके सत्तर वर्षांचे आहेत, त्यांची मान खाली जाईल." तिने मुठीतलं रुमालाचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "माझ्या पोराचं काहीच धड झालं नाही गं. ना घर झालं, ना लग्न टिकलं. एवढं तरी रीतीने होऊ दे. आण तुझा तक्ता."

बूरुलने तक्ता काढला. तिला कागदावरच्या ओळी दिसत नव्हत्या. रक्तदाब, पाणी, राख असं सगळं भरलं आणि 'मुलाशी संपर्क' या रकान्याशी पेन अडलं.

"तिथे काय आहे?" आपाने विचारलं.

"फोनचं."

"झाला म्हणून लिही. मी बोलले ना त्याच्याशी." आणि तिने खाली आपलं नाव काढलं, शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर दाबून.

मग तिने एक रोटी उचलली, तोडली, तुकडा बेगिमायच्या हातात दिला, एक बूरुलला दिला, एक स्वतः घेतला. "खा बाळा. या वाटून खायच्या असतात." ओंजळ वर धरून ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तळवे चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिले. उरलेल्या रोट्या तिने फडक्यात बांधल्या आणि कपड्यांच्या पेटीत खाली ठेवल्या.

"जा आता. तुझी वेळ झाली."

दारातून बूरुलने मागे वळून पाहिलं. आपा चुलीकडे पाठ करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाड्या थांबल्या. बायका आधी आत गेल्या आणि आपाच्या दोन्ही बाजूंना बसल्या. बूरुल बेगिमायला धरून दाराशी उभी राहिली. परक्या माणसाची जागा तीच. घर गार होतं. चुलीत रात्रभर कोणी काही घातलं नव्हतं आणि अंथरुणांची घडी कोपऱ्यात काल होती तशीच होती. कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, थंडीत बसलीस की गं!" आपा म्हणाली, "गोवऱ्या आणायला उठणारच होते."

तोक्तोसुन समोर बसला. खाकरला. "उमसुन," तो म्हणाला, "तू हातावर बसवून वाढवलेला ससाणा उडाला. फार उंच गेला. आता परतायचा नाही. मन घट्ट कर. जेनिश आपल्याला सोडून गेला."

आपाने त्याच्याकडे पाहिलं. "काय बोलताय, बाइके?" ती म्हणाली. "मी तर कालच त्याला निरोप पाठवलाय. मला काहीच माहीत नव्हतं." आणि मग तिच्या आतून जो आवाज निघाला, तो ऐकून अंगणातल्या पुरुषांनीही टोप्या डोळ्यांवर ओढल्या. दोन्ही बाजूंच्या बायकांनी तिला घट्ट धरलं. सगळं रीतीप्रमाणे झालं. तिने एकदाही बूरुलकडे पाहिलं नाही.

दुपारी मायलेकी नदीच्या कडेने घरी निघाल्या. जार्किन-एजेने निघताना बूरुलच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "छान सांभाळलंस काल." काठावरचा बर्फ कडक झाला होता. बेगिमाय बराच वेळ काही मोजत नव्हती.

"आई, उमसुन-आजीला कालच कळलं होतं ना?"

"हो."

"मग माहीत नव्हतं असं का म्हणाली?"

"थोरांनी सांगायचं असतं, बाळा. त्यांचा मान असतो. आणि सगळ्यांनी जवळ बसून तिला धरायचं असतं. एकट्याने असलं काही ऐकायचं नसतं."

बेगिमायने यावर विचार केला. चार पावलं चालली, आणि मग आईचा हात ओढून थांबली.

"मग काल आपण तिला एकटीला ठेवून घरी का आलो?"