दहा पावलांवरचा पत्ता

मित्रांनो, माझ्या पोटात आज हात घातलात तर एकही पत्र मिळायचं नाही. मिळतील ते एका घराचे कागद, दोरीने बांधलेले. ते तिथे कसे आले, हीच माझी गोष्ट आहे. मी एक जुना टपालाचा डबा आहे. पत्र्याचा, वरून गोलाकार, पुढे झाकण आणि कुशीला एक लाल निशाण. घरातून पत्र पाठवायचं असलं की ते माझ्यात ठेवायचं आणि निशाण उभं करायचं. मग टपालाची गाडी थांबते आणि पत्र घेऊन जाते.

लुमीर झेलेंकाने मला विकत घेतलं ते त्याच्या लग्नाच्या आठवड्यात. त्याची नवी नवरी डार्लीन हिने माझ्या अंगावर काळ्या रंगाने आडनाव लिहिलं. सुरुवातीची अक्षरं तिने ऐसपैस काढली, शेवटाला जागा पुरेना, म्हणून शेवटचं अक्षर अगदी चेंगरून बसलं. लुमीर म्हणाला, "राहू दे. आपल्या घरातही शेवटी येणाऱ्याला अशीच जागा मिळते."

आमच्या दारावरून जाणारा खडीचा रस्ता दिसायला साधा, पण त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. उत्तरेला नेब्रास्का, दक्षिणेला कॅन्सस. तिथे रेघ नाही की पाटी नाही. ट्रक गेला की धुरळा दोन्हीकडे सारखाच बसतो. झेलेंकांचं घर, धान्याची कोठी, पवनचक्की सगळं उत्तरेला. मी मात्र दक्षिणेला, रस्त्यापलीकडे, घरापासून दहा पावलांवर.

त्याचं कारण होत्या व्हर्नाबाई. त्या कॅन्ससमधल्या प्लम क्रीक गावाहून टपाल आणत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जात आणि गाडीत उजवीकडे बसून उजव्या खिडकीतून टपाल टाकत. त्यामुळे या रस्त्यावरचे सगळे डबे त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे कॅन्ससमध्ये. माणसं एका राज्यात झोपत आणि त्यांचा पत्ता दुसऱ्या राज्यात. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. माणसाला आपलं घर कुठे आहे ते ठाऊक असतं, असाच सगळ्यांचा समज होता.

ती वर्षं माझी सुखाची होती. झेलेंकांना लिबी झाली तेव्हा अभिनंदनाच्या पत्रांनी माझं झाकण लागेना. चार वर्षांची झाल्यावर ती स्वतः टपाल न्यायला येऊ लागली. आई अंगणात उभी राहून डावी-उजवीकडे बघे आणि ओरडे, "हं, पळ आता!" एकदा तिने माझ्यात एक बेडूक ठेवला आणि निशाण उभं केलं. व्हर्नाबाईंनी झाकण उघडलं, बेडूक बाहेर काढून तिच्या ओंजळीत दिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "तिकीट लावलेलं नाही. परत." माझं त्या काळात कौतुकही होई. वादळात शेजाऱ्यांचे डबे उडाले, मी जागचा हललो नाही. लुमीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "आमचा गडी पक्का आहे."

लिबीला मातीचं वेड होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माती ती बरण्यांत भरून ठेवी. शाळा तिची प्लम क्रीकची, कारण नेब्रास्कातली शाळा पंचवीस मैल लांब आणि ही सहा मैलांवर. अठराव्या वर्षी तिने नेब्रास्काच्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. प्रवेशाचं पत्र माझ्यातच आलं. ती रस्त्याच्या मध्यावर नाचली, म्हणजे अर्धी या राज्यात आणि अर्धी त्या राज्यात.

जूनमध्ये दुसरं पत्र आलं. ते लुमीरने घेतलं आणि तिथेच फोडलं. आत दोन कागद होते. पहिल्यावर लिहिलं होतं की मुलीचा पत्ता कॅन्ससचा, शाळा कॅन्ससची, तेव्हा तिला परराज्यातली धरण्यात आलं आहे. परराज्यातल्या मुलांना फी जवळजवळ तिप्पट असते. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की तुम्ही वर्षभराहून जास्त काळ नेब्रास्कात राहत असाल, तर वडिलांचे राज्याला कर भरल्याचे मागच्या तीन वर्षांचे कागद पाठवा.

लुमीरने दुसरा कागद पुन्हा वाचला. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने त्याची बारीक घडी केली आणि डगल्याच्या छातीवरच्या खिशात सरकवली. मित्रांनो, माझ्या पोटात दोन कागद आले होते आणि घरात एकच गेला. हे जगात मला एकट्याला माहीत होतं आणि देवाने मला तोंड दिलं होतं ते फक्त उघडायला आणि मिटायला.

दोन दिवसांनी लुमीर पहार घेऊन आला. मागे डार्लीन आणि लिबी.

"पत्ता कॅन्ससचा म्हणतात ना? मग पत्ताच उचलून आणतो," तो म्हणाला.

"लुमीर, जरा कोणाला विचार तरी," डार्लीन म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? डबा माझा, खांब माझा, रस्ता दहा पावलांचा."

त्याने मला खांबासकट उपटलं. एकवीस वर्षांची माती खांबाला धरून बसली होती. ती सोडवताना पहार माझ्या कुशीला लागली, निशाणाचा स्क्रू निघाला आणि गवतात कुठेतरी हरवला. त्याने मला खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला आणि आपल्या कुंपणाजवळ पुरलं. नेब्रास्काच्या बाजूच्या टपाल कचेरीतून नवा पत्ता मिळवला, एक जुलैपासूनचा. मोठ्या अक्षरांत विद्यापीठाला कळवलं की एक जुलैपासून आमचा पत्ता नेब्रास्का. पाठवताना तो शीळ घालत होता. मला मात्र नव्या खड्ड्यात धड उभं राहवेना.

जुलैच्या मध्यावर उत्तर आलं. या खेपेला ते लिबीने घेतलं. नव्या टपालवाल्याची गाडी दुपारी येई, तेव्हा लुमीर ट्रकखाली आडवा होऊन काहीतरी दुरुस्त करत होता आणि डार्लीन वाळत घातलेले कपडे काढत होती. लिबी माझ्यापाशी उभी राहून वाचू लागली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"'आपण एक जुलैपासून राज्यात राहायला आला आहात. आपले बारा महिने पुढच्या वर्षी पूर्ण होतील. हे मान्य नसेल तर आमच्या मागील पत्रात मागितलेले कागद एक ऑगस्टपूर्वी पाठवावेत.' बाबा, कोणते कागद?"

ट्रकखालची ठोकाठोक थांबली.

"बाबा, कोणते कागद मागितले होते?"

लुमीर बाहेर आला आणि हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

"एक वर्ष थांबलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?" तो म्हणाला. "एक वर्षच तर आहे."

डार्लीन कपड्यांची टोपली घेऊन आली होती. तिने ती खाली ठेवली. "मीही शिकायला जायचं एक वर्षच लांबवलं होतं, लुमीर. तुझी आई आजारी होती म्हणून. ते वर्ष अजून संपलेलं नाही." मग तिला काही आठवलं. "जूनमध्ये तुझा डगला धुतला तेव्हा खिशात कागदाचा लगदा निघाला होता. मला वाटलं बियाण्याची पावती. तेच होतं ना ते?"

लुमीर माझ्या झाकणाकडे बघत बोलला. "कराचे कागद मागितले होते. तीन वर्षांचे."

"मग पाठवायचे ना! भरतोस की दरवर्षी. सही मीही करते."

"त्यात लिहिलेलं असतं मी काय काम करतो ते."

मग मला सगळा उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी लुमीरने आपली डुकरं विकली होती. शेजारच्या मोठ्या डुक्करपालनात आपली भागीदारी आहे, असं त्याने लेकीला सांगितलं होतं. भागीदारी कसली! तो तिथे रोजंदारीवर होता, डुकरांचे गोठे धुवायला. डार्लीनला ठाऊक होतं. लेकीपुढे तेवढा तो मालक होता आणि तेवढ्यासाठी त्याने लेकीचं वर्ष पणाला लावलं होतं.

लिबीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, आपल्याकडे तीन वर्षं एक डुक्कर नाही आणि तुमच्या बुटांना वास डुकरांचाच येतो. भागीदार कधी असा वास घरी आणतात का? मला काय कळत नाही?"

"कळत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुम्हाला सांगायचं नव्हतं म्हणून मी विचारलं नाही."

लुमीर ट्रकच्या पायरीवर बसला. मोठा धिप्पाड गडी, पण त्या वेळी लहान दिसला. लिबी जाऊन त्याच्याशेजारी बसली. डार्लीन म्हणाली, "उठा दोघं. जेवायच्या टेबलावर सगळे कागद काढायचेत. आणि लुमीर, बूट बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुमीर जाडजूड पाकीट घेऊन आला, माझ्यात ठेवलं आणि निशाण उभं केलं. ते खाली पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. स्क्रू हरवला होता ना! घरासाठी काही टपाल नसलं आणि निशाण उभं नसलं, तर नवा टपालवाला थांबत नसे. लुमीरने इकडेतिकडे पाहिलं आणि निशाण हाताने धरून उभा राहिला. ऊन चढत गेलं.

व्हर्नाबाईंची गाडी रोजच्यासारखी पलीकडून आली. आमचं टपाल आता त्यांचं राहिलं नव्हतं, तरी त्या माझ्या जुन्या खड्ड्यापाशी थांबल्या.

"काय रे लुमीर, स्वतःलाच टपालात टाकायचा विचार आहे का? वजन झेपणार नाही हो कोणाला!"

"लिबीचे कागद आहेत. स्क्रू पडलाय."

"मग टपालवाला आला की दे त्याच्या हातात."

"नको," लुमीर म्हणाला. "आतापर्यंत फार आडवाटेने गेलो. हे रीतसर जाऊ दे."

व्हर्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांची थट्टा थांबली. काय झालं ते त्यांनी विचारलं, त्यानेही लपवलं नाही. त्यांनी गाडीतच मांडीवर कागद घेऊन लिहायला सुरुवात केली. मग दार उघडून खाली उतरल्या. गुडघे धरत, लंगडत त्या रस्ता ओलांडून आल्या. एकवीस वर्षांत प्रथमच त्या माझ्यापर्यंत पायी येत होत्या. आपला कागद त्यांनी लुमीरला वाचून दाखवला. "मी या रस्त्यावर एकवीस वर्षं टपाल टाकलं. डबा माझ्या गाडीच्या सोयीसाठी कॅन्ससमध्ये होता. मुलगी रोज नेब्रास्कातून येई आणि टपाल घेऊन नेब्रास्कात परत जाई. हे मी स्वतः पाहिलं आहे." खाली त्यांची सही होती. निशाण त्यांच्या हाती देऊन लुमीरने पाकीट उघडलं, तो कागद कराच्या कागदांवर ठेवला आणि पाकीट पुन्हा चिकटवून माझ्यात ठेवलं.

दुपारी दीडपर्यंत तो तसाच उभा होता. हात अवघडला की हात बदलायचा, पण निशाण त्याने खाली येऊ दिलं नाही. कामावर त्याचा खाडा झाला. टपालवाल्याने निशाण पाहिलं, निशाण धरलेला माणूस पाहिला आणि पाकीट नेलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. लिबी झेलेंका, नेब्रास्काची रहिवासी. लुमीरने ते दोनदा वाचलं. आत एकच कागद आहे ना, हे त्याने लिबीला पाकीट उलटं करून दाखवलं. ती हसली आणि मग तिला रडूच आलं.

ऑगस्टअखेर ती गेली. त्यानंतर दर शनिवारी लुमीर तिला पत्र लिही. आयुष्यात बियाण्याच्या मागणीपलीकडे काही न लिहिलेला माणूस तो! पाकिटाच्या कोपऱ्यात आपला पत्ता लिहिताना राज्याचं नाव तो पूर्ण लिही आणि खाली दोन रेघा ओढी. आज गोठे धुतले, आज पाण्याचा नळ फुटला, असं सगळं त्यात असे.

पुढे पत्रं कमी झाली, फोन वाढले. माझ्यात जाहिराती येऊ लागल्या, मग गांधीलमाश्यांनी घर केलं. लुमीर गेला त्या हिवाळ्यात कोणी झाकणही उघडलं नाही. अंत्यविधीला आलेल्या लिबीने मला खांबावरून काढलं आणि आपल्या घरी आणलं. आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. माझ्या पोटात तिने घरचे सगळे कागद ठेवले आहेत, पगाराचे, कराचे, कर्जाचेसुद्धा. मला कुलूप नाही. तिची मुलं हवं तेव्हा झाकण उघडतात, विचारतात आणि ती उत्तर देते.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा डबा, कप्पा, पिशवी असेल. त्यातले कागद जपा, पण आपल्या माणसांपासून लपवून नव्हे. आणि घरात कोणाच्या बुटांना कष्टाचा वास येत असेल, तर त्याला तोंडावर सांगा की तुम्हाला कळतं.

माझं निशाण लिबीने दुरुस्त केलेलं नाही. नवा स्क्रू नेहमीच्या दुकानात सहज मिळेल. मुलं ते उभं करतात, ते पडतं आणि ती विचारतात, "आई, हे उभं कसं राहायचं?" ती काम सोडून येते, त्यांचे हात त्यावर ठेवते आणि म्हणते, "असं. तुमचे आजोबा दीड वाजेपर्यंत धरून उभे होते."