वामनरावांची पाठ

“मॅडम, येवढं मोठं लेबल नका चिकटवू. बाटलीतलं पानी दिसाया पायजे,” निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असतानाच संग्रहालयाचे जुने मदतनीस गोटीराम म्हणाले होते. अक्षतानं हसून त्यांच्या हातात पेढा ठेवला. “काका, तुम्ही आता आराम करा.” शिकलेल्या माणसानं ‘गप्प बसा’ म्हणावं, ते असंच.

लेबलांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते मनस्वीपायी. चौदा महिन्यांच्या लेकीला पाळणाघरात ठेवायचं ठरलं, तेव्हा अक्षतानं स्टिकर छापायचं यंत्रच घेतलं. वाटी, चमचा, दुधाची बाटली, दोन्ही मोजे. सगळ्यांवर नाव, सोसायटी, फोन नंबर. नवरा सुगत म्हणाला, “माझ्या पाठीवरपण एक लाव. हरवलो तर कोणीतरी आणून देईल.”

उरलेली रिळं ती कॉलेजच्या निसर्ग-संग्रहालयात घेऊन गेली. तिथल्या कीटक विभागाची ती क्युरेटर. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेल्या किड्यांच्या दोनशे चाळीस बाटल्यांना तिनं शाल पांघरावी तसं एकेक रुंद, पांढरंशुभ्र लेबल गुंडाळलं. कपाट उघडलं की डोळे निवायचे.

मग तीन महिने ती तासातासाला मोबाईलवर पाळणाघराचा कॅमेरा बघत राहिली. पोर झोपली? कुशीवर की पालथी? बाटल्यांकडे बघायचं कारणच नव्हतं. लेबलं सरळ होती ना!

एका गुरुवारी कोल्हापूरहून उदयसिंह नावाच्या अभ्यासकाचा फोन आला. “तुमच्याकडे अंडीवाला नर आहे म्हणे. सोमवारी येऊन बघू का?”

अंडीवाला नर म्हणजे वामनराव. बोटाच्या पेराएवढा पाणढेकूण. या जातीत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि चालती होते. पिल्लं बाहेर येईपर्यंत सगळा संसार बापाच्या पाठीवर. गोटीरामांनी हा करंजाडेच्या एका तळ्यात धरला होता, एकसष्ट अंड्यांसकट, आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. तळ्याच्या जागी आता टॉवरचं पार्किंग झालंय. दुसरा वामनराव मिळायचा नाही.

अक्षतानं बाटली उचलली. हलकी लागली. कानाशी धरून हलवली, तर चुळुक नाही, नुसतं ‘टक्’ वाजलं. तिनं नखानं लेबल खरवडलं. तळाशी वामनराव मनुकेसारखे सुकून बसले होते. झाकणाला केसाएवढी चीर, आणि स्पिरिट कधीच उडून गेलेलं.

तिनं घाईघाईनं स्पिरिटचा कॅन ओढला, पण असं एकदम ओतावं की नाही, कळेना. तिनं गोटीरामांना फोन लावला.

“वतू नका!” सारसोळ्याहून गोटीराम ओरडले. “तहानेल्याला दारू पाजता काय? थांबा, मी आलो.”

अर्ध्या तासात ते स्कूटरवरून हजर. कोमट पाण्यात साबणाचा एकच थेंब टाकून त्यांनी वामनरावांना अलगद आत सोडलं. “आता मऊ होईपत्तर वाट बघाची. मंग उद्या पातळ स्पिरिट, परवा जरा कडक, रविवारी पुरं कडक. येकदम दिलं तं आक्रसंल, अंडी सुटतील.”

“म्हणजे आधी वरणाचं पाणी, मग मऊ भात.”

“आता कसं! पोरीला वाढवता नं, तसंच.” अक्षताची नजर पुन्हा मोबाईलकडे गेलेली त्यांनी पाहिली. “आनि तो ठेवा बाजूला. पोरीला भूक लागली तं ती बोंबलंल, सगळी सोसायटी गोळा करंल. ह्यो बोंबलनार हाय का?”

अक्षताचा चेहरा एवढासा झाला. “काका, तुम्ही सांगितलं होतं मला.”

“सांगलं व्हतं. तुमी पेढा दिलाव.”

शनिवार-रविवार तिनं मनस्वीलाही काखेत घेऊन आणलं. एकीकडे वामनराव मुरत होते, दुसरीकडे गोटीराम आणि ती बाटल्यांची लेबलं सोलत होते. आणखी दोन बाटल्यांतलं स्पिरिट बोटभर उतरलेलं निघालं, पण किडे बुडालेले होते. मनस्वीनं ‘मुंगळा, पनवेल’ असा स्टिकर कपाळावर लावून घेतला आणि तो काढू देईना.

रविवारी दुपारी, नव्या झाकणाच्या बाटलीत, शेवटच्या कडक स्पिरिटमध्ये वामनरावांना उतरवताना, एक अंडं सुटलं. अक्षताच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. फेकून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तिनं मऊ कुंचल्यानं ते उचललं, बारक्या नळीत स्पिरिट भरून त्यात ठेवलं, आणि नळी वामनरावांच्याच बाटलीत सोडली.

सोमवारी उदयसिंहांनी भिंग लावून मोजलं. पुन्हा मोजलं. “नोंदीत तर एकसष्ट आहेत.”

“साठ पाठीवर,” अक्षता म्हणाली, “एक पाळणाघरात.” आणि मग कुठलीही पळवाट न काढता तिनं लेबलापासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

ते हसले, पण वहीत सगळं लिहून घेतलं. “सुकून परत ओला केलेला, हे कळलं ते बरं झालं. थोडा आक्रसला असणार, मापं मी तेवढी जपून धरीन. अंडी मात्र झकास बसलीत.”

पुढच्या आठवड्यात मनस्वीला घेऊन चार दिवस महाडला सासरी जायचं होतं. निघायच्या आधी अक्षतानं कपाटाच्या दारावर पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद लावला. मोजून तळहाताएवढा:

‘वाचणाऱ्यास विनंती. तुम्ही कोणीही असा, दार उघडा. दुसरा कप्पा, डावीकडून चौथी बाटली. झाकणाकडे बघू नका, आत बघा. स्पिरिट वामनरावांच्या पाठीच्या वर आहे ना? नसेल तर काही ओतू नका, मला फोन करा. कधीही. मी जागीच असते.’