वहीतले चार आकडे

सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली ही १९९४ सालची गोष्ट. प्राध्यापक विष्णुपंतांच्या प्रयोगशाळेत गेले अकरा दिवस एक यंत्र अॅल्युमिनियमची पट्टी ओढत होतं, सोडत होतं. पट्टीवरची भेग किती ओढींनंतर किती वाढते, हे पुण्याच्या एका कारखान्याला हवं होतं. भिंगाला डोळा लावून ती भेग मोजायची शरयू. वाईची ही मुलगी सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली, नोकरी हंगामी. पण केसाएवढी वाढही तिच्या नजरेतून सुटत नसे.

खंडेनवमीच्या सकाळी ती म्हणाली, "सर, भेग आता भराभर वाढतेय. दर पाच मिनिटांनी मोजावी लागेल."

विष्णुपंतांनी घसा खाकरला. "आज राहू दे. प्राचार्यांच्या सौभाग्यवती यंत्राला हळदकुंकू वाहायला येतायत. तू... जरा घरी जा."

शिपाई केरबाला राहवलं नाही. "आवं सर, यंत्र कळतंय ते ताईंनाच. त्यांनी कुंकू लावलं तर काय बिघडंल?"

"केरबा, तू नारळ आण."

शरयू भिंग जागेवर ठेवून निघून गेली. स्त्रीशिक्षणावर गावोगाव भाषणं ठोकणाऱ्या विष्णुपंतांना तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

पाहुण्यांना चालू यंत्र दाखवायचं म्हणून ते बंदही केलं नाही. आरतीच्या गडबडीत पट्टी तुटली. शेवटची, सगळ्यात मोलाची मोजमापं राहून गेली. अब्रूच्या भीतीने विष्णुपंतांनी वहीत चार आकडे अंदाजाने लिहून टाकले. पानाच्या माथ्यावर नाव मात्र शरयूचं होतं.

महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. शेवटचे आकडे बनावट वाटतात. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि शरयूला कामावरून कमी करायचं ठरवूनही टाकलं.

"हे आकडे माझे नाहीत," शरयू म्हणाली. "त्या दिवशी मी इथे नव्हते."

आपला एक शब्द तिची भाकरी वाचवेल, हे कळत असूनही विष्णुपंतांची जीभ उचलेना. चहा घेऊन आलेला केरबा त्यांच्यापाशी थांबला. "बोला की सर," तो हळूच म्हणाला.

विष्णुपंत कसेबसे उठले. "आकडे मी लिहिले. शरयूला घरीही मीच पाठवलं. ती विधवा आहे, एवढ्यासाठीच."

शरयूची नोकरी वाचली. व्हरांड्यात त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, माफ कर."

"सर, खोटे आकडे लिहिल्याची तुम्हाला लाज वाटली," ती शांतपणे म्हणाली. "ती पट्टी तुटली नसती, तर मला घरी पाठवल्याची वाटली असती?"

याचं उत्तर आपल्यापैकी किती जणांना देता येईल?