बारा जूनचं पान

"मानसिंगजी, त्या केस्लर बाईंची तक्रार अजून ओपन दिसतेय," यशोवर्धन खुर्ची मागे ढकलत म्हणाला. "स्टँडर्ड रिप्लाय टाका आणि क्लोज करा ना."

"टाकला होता. बाईंनी परत लिहिलंय."

"मग परत टाका. एक तर क्लिक करायचंय."

मानसिंगने मान डोलावली आणि क्लिक काही केलं नाही. बाईंचं ईमेलवर आलेलं दुसरं पत्र तो सकाळपासून चौथ्यांदा वाचत होता.

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या त्या ऑफिसात सात माणसं होती आणि त्यांचं काम ऐकलं तर कुणालाही हसूच येईल. अमेरिकेतल्या एका प्रकाशकासाठी ती दरवर्षी टेबलावर ठेवायचं कॅलेंडर तयार करत. रोज एक पान फाडायचं. प्रत्येक पानावर चार प्रसंग, सगळे त्याच तारखेचे, फक्त वर्षं वेगवेगळी आणि सगळे बेसबॉलचे. एका पानावर कुणाचा तरी विक्रम, त्याखाली बावीस डाव लांबलेला सामना, त्याखाली मैदानात घुसलेलं कुत्रं. मानसिंगने उभ्या जन्मात बेसबॉलची बॅट हातात धरली नव्हती. बंगळूरच्याच शिवाजीनगरच्या गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळला तेवढंच. पण नऊ वर्षं हे काम करून त्याला वर्ष तोंडपाठ झालं होतं. कुठलीही तारीख सांगा, गडी चारही प्रसंग घडाघडा म्हणून दाखवायचा. पुण्याहून आलेला यशोवर्धन, त्याचा तिशीतला साहेब, पाहुण्यांपुढे त्याला तसं म्हणायला लावायचासुद्धा.

केस्लर बाई आयोवातल्या एका लहान गावात राहत होत्या. वय एक्याऐंशी. त्यांचा मुलगा लॉइड मोठ्या संघात सगळे मिळून अकरा सामने खेळला आणि त्यात त्याने एकच होमरन मारला. होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, आपला षटकार समजा. तो मारला २००९ साली अकरा जूनच्या रात्री, बाईंच्या वाढदिवसाला. सकाळी फोनवर त्याने आईला सांगितलं होतं की आज तुझ्यासाठी मारतो. चार वर्षांनी लॉइड मोटारीच्या अपघातात गेला. बाईंपाशी राहिला तो हा वाढदिवस.

गेल्या नाताळात त्यांच्या मुलीने, जोआनने, त्यांना हे कॅलेंडर भेट दिलं. अकरा जूनला बाईंनी पान उघडलं तर लॉइड नाही. बारा जूनला उघडलं तर लॉइड तिथे, चौथ्या नंबरवर.

"मी सोळा वर्षं सगळ्यांना सांगत आले की माझ्या वाढदिवसाला मारला," बाईंनी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. "कृपा करून तपासून पाहा."

मानसिंगने त्यावर 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आमच्या नोंदी अनेकदा तपासलेल्या असतात' हे ठरलेलं उत्तर पाठवलं होतं. आणि आता हे दुसरं पत्र.

"जोआनने तुमचं उत्तर आणि ते पान दोन्ही फ्रिजवर लावलंय. ती म्हणते, बघ आई, तुझ्या आता लक्षात राहत नाही. गॅस चालू राहिला होता, ते खरं आहे. चष्मा हरवते, तेही खरं. पण हे नाही. तीस तारखेला डॉक्टर माझी परीक्षा घेणार आणि मी एकटी राहायची की वृद्धाश्रमात जायचं ते ठरवणार. मला माफी नको. माझं बरोबर आहे एवढी एक ओळ लिहा. ती घेऊन मी डॉक्टरकडे जाईन."

आता मानसिंगने ही ओळ का लिहू नये? तर बाईंचं बरोबर होतं आणि ते त्याला सहा महिन्यांपासून ठाऊक होतं, म्हणून.

त्याचं असं झालं होतं. गेल्या वर्षी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं. जुन्या सामन्यांसाठी मानसिंगचा पक्का नियम होता, वर्तमानपत्रात बातमी ज्या तारखेची त्याच्या आदल्या दिवशीचा सामना. पण अलीकडच्या सामन्यांची तारीख तो सरळ पडद्यावरून उतरवून घ्यायचा. नवीन सॉफ्टवेअर तारीख दाखवताना घड्याळ धरायचं ते बंगळूरचं. तिकडे संध्याकाळी सात वाजता सुरू झालेला सामना म्हणजे इकडे दुसऱ्या दिवशीची पहाट. दुपारचे सामने बरोबर आले आणि रात्रीचे सगळे एक दिवस पुढे सरकले. डिसेंबरात छापील प्रतींचं खोकं आलं, तेव्हा चहा पिता पिता पानं चाळताना त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, चार जुलैच्या आतषबाजीचा सामना पाच जुलैवर दिसला. चहा तसाच राहिला. दार लावून त्याने मोजलं. एकतीस नोंदी चुकल्या होत्या.

आणि गडी मूग गिळून बसला. छापून झालंय, आता सांगून काय होणार? कोण बघतंय? पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू. अशी मनाची समजूत घालत त्याने सहा महिने काढले, आणि ती समजूत आयोवातल्या एका म्हातारीने दोन पत्रांत पार उधळून लावली.

"सर," तो यशोवर्धनजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाईंचं बरोबर असलं तर?"

यशोवर्धनने लॅपटॉपवरून नजर वर केली. "आहे का?"

"असू शकतं."

"हे बघा मानसिंगजी, महिनाअखेरीला प्रकाशकाशी कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे. आत्ता कुठलीही चूक लेखी मान्य करायची नाही. एक मान्य केली की ते बाकीच्या काढायला बसतील. जुलैत बघू. चालेल?"

"सरी," मानसिंग कानडीत हो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. साहेबांनीच नको म्हटल्यावर आपला काय दोष, असं. पण ते बरं वाटणं संध्याकाळच्या बसपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

दहा दिवस असेच गेले. मन खात होतं आणि तो त्याला खाऊ देत होता. अजून तीस तारीख लांब आहे, असं रोज म्हणायचा.

सत्तावीसला शुक्रवारी तो घरी आला तेव्हा गोजराबाई, त्याची आई, दिवा लावून जपमाळ घेऊन बसली होती. घरात ही दोघंच. तिने नाचणीचा मुद्दा आणि पालेभाजीचं सार केलं होतं. मानसिंगने तो उकडलेला गोळा ताटात इकडून तिकडे फिरवला.

"काय रे, तोंड उतरलंय? की मुद्दा कच्चा झालाय माझा?"

"नाही गं."

"मग गिळ की. दहा दिवस बघतेय मी. कुणाच्या मयताला जाऊन आल्यासारखा येतोस."

बोलायचं नव्हतं, पण बोलला. सगळं सांगितलं. बेसबॉल म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. गोजराबाईने माळ मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या बाईचं बरोबर?"

"हो."

"ते तुला ठाऊक?"

"हो."

"आणि तिकडं तिची लेक तिला म्हणतेय, आई, तुझं डोकं गेलं. अन तू इथं बसून मुद्दा चिवडतोयस?"

"आई, साहेबांनी सांगितलंय."

"साहेबाला मी जन्म दिलाय काय?" गोजराबाईचा आवाज चढला. "चिकपेटच्या बाजारात बावीस वर्षं साड्यांना फॉल लावले मी. एखादा वाकडा लागला तर गिऱ्हाइकाला कळायच्या आधी उसवून परत लावून द्यायची. शेटजी ओरडायचा, वेळ जातो म्हणून. ओरडू दे. माझ्या हातचं होतं ते."

मानसिंगने मोडलेला घास परत ताटात ठेवला.

"स्वल्प, थोडा विचार कर," ती जरा आवाज उतरवून म्हणाली. "मीपण परवा किल्ली फ्रिजात ठेवली की नाही? ठेवली. उद्या मी काही खरं सांगितलं आणि तू म्हणालास, आई, तुझ्या लक्षात राहत नाही, तर मी कुणाकडं जाऊ? म्हाताऱ्या माणसाला भीती असते रे ती. रोज असते. तिनं परक्या माणसाकडं एक ओळ मागितली, तर किती गिळून मागितली असेल?"

मानसिंगला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, ताटावर बसून रडला. गोजराबाईने त्याला रडू दिलं आणि मग म्हणाली, "हात धू आणि लिही. तिकडं आता किती वाजले?"

"सकाळचे नऊ."

"मग उठली असेल."

त्याने लिहिलं. एक ओळ नाही, पान भरून. अकरा जून बरोबर आहे. चूक कंपनीची नाही, यंत्राचीही नाही, न तपासता उतरवून घेणाऱ्या माझी आहे. मला ती डिसेंबरातच कळली होती आणि मी गप्प बसलो. पहिलं उत्तर मीच पाठवलं आणि ते खोटं होतं. हे पत्र डॉक्टरांना दाखवा. खाली त्याने पूर्ण नाव आणि ऑफिसातला फोन नंबर घातला. मग एकतीस नोंदींची यादी वेगळी करून यशोवर्धनला पाठवली आणि प्रकाशकालाही. तीस तारखेला अजून तीन दिवस होते. त्या रात्री तो गाढ झोपला.

सोमवारी यशोवर्धन त्याला काचेच्या खोलीत घेऊन गेला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला आधी सांगायचं होतंत ना. मी काय तुम्हाला खाल्लं असतं? त्यांनी रिन्यूअल होल्डवर टाकलंय. सात जणांचे जॉब आहेत, मानसिंगजी."

"चूक माझी आहे, सर. मी राजीनामा देतो."

"ते बघू नंतर. आधी त्या एकतीस दुरुस्त करून द्या." यशोवर्धनने कपाळ चोळलं. "बाईंना पाठवलंत ते बरोबरच केलंत. पण हे मी बोललो नाही."

संध्याकाळी साडेसहाला, सगळे निघायच्या बेतात असताना, ऑफिसातला फोन वाजला. तो सहसा वाजतच नसे. शेजारच्या टेबलावरच्या हर्षिताने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "मानसिंग अण्णा, तुमच्यासाठी. अमेरिकेतून कुणी आजी आहेत."

त्याने फोन घेतला.

"तुम्हीच का ते? पत्र लिहिणारे?" आवाज बारीक होता, पण खणखणीत.

"हो मॅडम. मीच."

"मी वर्ना केस्लर. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चष्मा सापडला, म्हणून."

"मॅडम, आज तीस तारीख. डॉक्टरांकडे..."

"ते एकोणीसलाच झालं हो. त्यांच्याकडे कुणाची तरी वेळ रद्द झाली, म्हणून जोआन मला लवकर घेऊन गेली. मी त्यांना अकरा जूनचं सांगितलं. जोआनने पान पुढे केलं. आता मी इथे वृद्धाश्रमात आहे. मॅपलवुड म्हणून आहे. बरं आहे तसं."

मानसिंगने मनात तारखा मोजल्या. एकोणीस. पहिलं पत्र तेरा तारखेला आलं होतं, दुसरं सोळाला. दोन्ही वेळा एक ओळ लिहायला त्याला दोन मिनिटं लागली नसती. त्याला वाटलं, रडावं, ओरडावं, काहीतरी करावं. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "मॅडम, मला उशीर झाला."

"झाला खरा," बाई म्हणाल्या. त्यांनी नाही वगैरे काही म्हटलं नाही. "एक काम करा. आमची इथे नाश्त्याची वेळ आहे. टेबलावर आम्ही आठ जण आहोत आणि जोआनही आलीय. मी फोन स्पीकरवर टाकते. ते सांगा. पत्र आहे माझ्याकडे, पण यांच्यातल्या निम्म्यांना दिसत नाही."

मानसिंग उठून उभा राहिला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. हर्षिता बॅग खांद्याला लावून थांबली होती, यशोवर्धन काचेच्या खोलीच्या दारात आला होता.

"माझं नाव मानसिंग," तो त्याच्या अडखळत्या इंग्रजीत मोठ्याने म्हणाला. "मी बंगळूरहून बोलतोय. लॉइड केस्लर यांनी २००९ साली अकरा जूनला होमरन मारला. अकरा जून. मिसेस केस्लर यांच्या वाढदिवसाला. कॅलेंडरमध्ये बारा आहे, ते चूक आहे. ती चूक मी केली. मिसेस केस्लर यांच्या नीट लक्षात आहे."

"परत सांगा," बाई म्हणाल्या. "हॅरॉल्डला कमी ऐकू येतं."

त्याने परत सांगितलं. आणखी मोठ्याने.

पलीकडे कुणीतरी टेबलावर थाप मारली, कुणी म्हातारा 'शाब्बास वर्ना' म्हणाला. मग एका बाईचा जड झालेला आवाज जवळ आला.

"मी जोआन. आम्ही गेल्या शुक्रवारी आईच्या घराची किल्ली मालकाला परत केली."

"सॉरी," तो म्हणाला, आणि परत एकदा म्हणाला.

"जोआन, रडू नकोस," मागून वर्नाबाई म्हणाल्या. "बस इथे. तुझी कॉफी निवतेय. आणि त्या माणसालाही जाऊ दे घरी, तिकडे संध्याकाळ झाली असेल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन ठेवायचं मात्र तिकडे कुणाच्याच लक्षात आलं नाही. बश्यांवर चमचे वाजत होते, कुणीतरी लोणी मागत होतं, आणि वर्नाबाई कुणाला तरी पहिल्यापासून सांगत होत्या की सकाळी लॉइडचा फोन आला तेव्हा त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मानसिंग उभ्यानेच ऐकत राहिला.