नाण्याएवढी जागा

चावी फिरवली की जुनी गाडी नुसती ‘टक्’ करायची. लेक म्हणाली, “बाबा, स्टार्टर गेला. आता याचे पार्टही मिळत नाहीत. भंगारवाल्याला बोलावू?”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तुझ्या आईची गाडी आहे ती. दिवे लाव आणि चावी फिरव.”

टक् झालं, पण दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. मग बाबांनी जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनाला टेकवली.

“आता फिरव.”

इंजिन गरगरलं.

“बघ! स्टार्टरला उगाच नावं ठेवत होतीस. अर्थिंग गेलंय.”

इंजिन गाडीच्या बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी सोडली आणि कपाळावर हात मारला. बायको गेल्यावर त्यांनी गाडीला स्वतः तिच्या आवडीचा निळा रंग दिला होता, अगदी या पट्टीखालीसुद्धा. तेव्हापासून गाडी उभीच होती. रंगातून वीज जाणार कशी?

“एवढीशी जागासुद्धा सोडली नाहीत तुम्ही!” लेक हसली.

त्यांनी नाण्याएवढा रंग खरवडला, पट्टी घट्ट आवळली. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

“सरक तिकडे,” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं तुझी आई चालवायची, मी शेजारी बसायचो. आजपासून मी चालवणार.”